चिनू, शुक्रवारच्या आधी वाच

चिनू,

रविवारी फोनवर वजन कमी करायच्या ऑपरेशनचं तुझंही सांगून झालं नाही आणि माझंही बोलून झालं नाही, मधेच तू "तुझं नेहमीचंच आहे आई" म्हणून फोन ठेवलास, म्हणून आता टाइप करून पाठवतेय. मोठं होणार आहे, ऑफिसमधे वाचू नको, घरी गेल्यावर निवांत वाच. आज इथं पाण्याचा दिवस होता, आलं ते पहाटे तीनला, सगळं भरून ठेवलं आणि मग झोप कुठली, बसले लिहायला. पप्पा झोपलेत.

आधी एक सांगते म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. मी नको म्हणत नाहीये. तुला वाटायलंय की आई ऑपरेशनला घाबरली. अगं सगळी नोकरी सर्जिकल वॉर्डात गेली माझी, पोट उघडलेली माणसं दुसऱ्या दिवशी उठवून चालवलीत, दुर्बिणीतून चार-पाच भोकं पाडून होणाऱ्या ऑपरेशनला मी घाबरेन होय. भुलेच्या आमच्या जुन्या मॅडमना पण मी फोन केला सोमवारी (तुझं नाव नाही सांगितलं, नात्यातली आहे म्हटलं, पण त्यांनी ओळखलं असणार). त्या म्हणाल्या सिस्टर, हे आता खूप रुळलेलं ऑपरेशन आहे, जिवावर बेतणं हजारात एखाद्याचं, टाके लीक होणं किंवा रक्त जाणं थोड्या लोकांना होतं पण चांगल्या हाताखाली केलं तर सांभाळता येतं. एकच सांगितलं त्यांनी, घोरत असेल तर आधी सांगायला सांगा. तर जावईबापू म्हणत होते ना की झोपेत तुझा श्वास मधेच थांबतो, ते भूल देणाऱ्या डॉक्टरांना तू स्वतःहून सांग, ते विचारतील म्हणून वाट बघू नको. स्लीप स्टडी कर म्हणाले तर कर. आणि ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळी उठवून चालवतील तेव्हा दुखतंय म्हणून पडून राहू नको, पायात गुठळी होऊ नये म्हणून ते असतं, मोजे घालतील ते काढू नको.

कागद मी सगळे वाचले. ११२ किलो आणि पाच फूट तीन म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ४३ च्या पुढं. १९९१ पासून ह्या ऑपरेशनसाठी जगभर ४० चा आकडा धरायचे, सोबत शुगर वगैरे असली तर ३५. २०२२ मधे तो पण खाली आणला आणि आपल्या आशियातल्या लोकांसाठी तर २७.५ पासूनच विचार करा म्हणतात, कारण आपल्याला कमी वजनातच शुगर धरते. म्हणजे तू कुठल्याही हिशोबात बसतेस, तुझ्या डॉक्टरांनी उगाच सांगितलेलं नाही. विम्यात पण बसायला हवं, पण आधी डाएट, औषधं करून उतरलं नाही हे कागदावर लागतं, त्या हडपसरच्या डायटिशियनच्या चिठ्ठ्या, जिमच्या पावत्या काही टाकून देऊ नको, सगळं फाइलला लाव.

आणि आत्या जे म्हणाल्या ऑपरेशन म्हणजे आळशाचा शॉर्टकट वगैरे, त्यांना मी तिथंच सांगितलं, तुझ्या कानावर आलं की नाही माहीत नाही. मी म्हटलं वन्सं, जठराच्या वरच्या भागातून भुकेचं हार्मोन येतं, घ्रेलिन म्हणतात त्याला, माणूस उपाशी राहून वजन उतरवतं तसं ते वाढत जातं आणि शरीर परत खायला लावतं, ही पोरगी दोनदा पंधरा-पंधरा किलो उतरवून परत तिथंच आली ते आळसामुळं नाही. स्लीव्ह म्हणतात त्या ऑपरेशनमधे जठराचा पाऊण भाग काढतात, जास्तच, ७५ ते ८० टक्के, त्यात तो हार्मोनचा भाग जातो म्हणून भूकच कमी होते. स्वीडनमधे १९८७ पासून हजारो लोकांवर अभ्यास चाललाय, ऑपरेशन केलेले न केलेल्यांपेक्षा जास्त जगले. आत्या गप्प बसल्या. तुझ्याबद्दल कुणी आळशी म्हटलेलं मला चालत नाही, आधीही चालत नव्हतं.

मग माझा प्रश्न काय आहे ते सांगते.

दिवाळीत आली होतीस तेव्हा तुझ्या पर्समधून मी पिन काढायला गेले आणि थायरॉईडची बाटली हाताला लागली. बिल गुंडाळलेलं होतं त्याला, जूनचं. अर्ध्याहून जास्त भरलेली. मी तेव्हा काही बोलले नाही, घरात पाहुणे होते. तुझी बी-१२ ची गोळी पण तशीच, मार्चमधे १४० आलं होतं तेव्हा इंजेक्शनं दिली मी स्वतः, पुढची पुण्यात घे म्हटलं, घेतलीस? हिमोग्लोबिन ९.८, त्या लोहाच्या गोळ्यांनी पोट बिघडतं म्हणून बंद. हे आत्ताचं, पोट पूर्ण असतानाचं आहे चिनू. ऑपरेशन दीड-दोन तासांचं, दवाखाना दोन-तीन दिवसांचा. त्यानंतरची चाळीस वर्षं कोण बघणार, एवढंच मला विचारायचं होतं रविवारी आणि तू फोन ठेवलास.

कारण गोळ्या चार-सहा महिने नसतात, कायमच्या असतात. मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, डी, कॅल्शियम, लोह. आणि सगळ्या एकत्र गिळून टाकल्या असं नाही चालत. थायरॉईडची उपाशीपोटी पहाटे, तिच्यानंतर चार तास कॅल्शियम नाही आणि लोह नाही. लोह आणि कॅल्शियममधे परत दोन तास अंतर. कॅल्शियम पण सायट्रेटचं बघून घ्यायचं, ते नंतर चांगलं शोषलं जातं. पहिले सहा महिने पित्तखडे होऊ नयेत म्हणून वेगळी गोळी देतात, वजन झपाट्यानं उतरलं की खडे होतात. रक्त तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षानं आणि मग दरवर्षी. त्यात आपण शाकाहारी, बी-१२ आधीच जेवणातून कमी येतं. उलट्या लागल्या आणि थांबेनात तर "होईल बरं" करून बसायचं नाही, त्यात बी-१ संपतं आणि मग तोल जातो, डोळे फिरतात, आठवणीवर जातं. हे मी घाबरवायला लिहीत नाहीये. हे वेळेवर बघितलं तर काहीच होत नाही, तेच तर म्हणायलेय मी.

बघ, लेक्चर झालं. सॉरी. तू म्हणतेस तसं मी वॉर्डातून घरी आले तरी ड्युटीवरच असते.

आठवतंय तुला, गड्ड्याच्या यात्रेत तू पाचवी-सहावीत असशील, होम मैदानावर मोठ्या पाळण्यात बसली होतीस दादाबरोबर आणि त्या पाळणेवाल्यानं तुला उठवून दुसऱ्या पेटीत एकटीला बसवलं, बॅलन्स होत नाही म्हणाला, मोठ्यानं. तू बसलीस, पूर्ण चक्कर घेतलीस, खाली आलीस आणि म्हणालीस आई चल पुढं बघूया. त्यानंतर कधी पाळण्यात बसली नाहीस. मी तेव्हा त्या माणसाला फाडून खाल्लं असतं पण तूच हात ओढून नेलंस. आणि नववीत गोळाफेकीत जिल्ह्याला गेलीस तेव्हा तुझे सर म्हणाले होते की हिच्या खांद्यात जी ताकद आहे ती शिकवून येत नाही. ते सर्टिफिकेट पप्पांनी देवघराच्या बाजूला लावलंय ते अजून काढू देत नाहीत, रंग देताना पण त्याच्याभोवतीनं दिला. हे सगळं कशाला लिहितेय मी. वजनाचं बोलताना तुझं शरीर म्हणजे नुसता प्रॉब्लेम असल्यासारखं सगळे बोलतात, तू पण बोलतेस हल्ली, ते मला आवडत नाही म्हणून.

तर दुसरं. स्लीव्ह की बायपास (हृदयाचा नव्हे, जठराचा) हे अजून पक्कं नाहीये असं तुझ्या बोलण्यावरून वाटलं. तुला जळजळ आहे, दोन उशा घेऊन झोपतेस. स्लीव्हनंतर काहींची जळजळ वाढते, त्यांना बायपास बरा पडतो, म्हणून आधी एन्डोस्कोपी कर आणि हे स्पष्ट विचार. पण बायपासमधे आतड्याचा पहिला भागच टळतो, तिथंच लोह शोषलं जातं, म्हणजे गोळ्या अजून महत्त्वाच्या. परत तिथंच आले मी. काय करू.

ते वजन उतरवायचं मौंजारो का काय इंजेक्शन, मार्च २०२५ मधे आपल्याकडं आलं, तुझ्या मैत्रिणीनं घेतलं म्हणालीस. ते पण डॉक्टरांना विचार, वाईट नाही, पण ४३ ला ऑपरेशननं जेवढं उतरतं आणि टिकतं तेवढं त्यानं सगळ्यांचं नाही होत, आणि थांबवलं की बऱ्याच जणांचं परत येतं. म्हणजे तिथंही दर आठवड्याला न चुकता आलंच. कुठलाही रस्ता धर, शिस्त सुटत नाही.

जेवणाचं मी बघेन, पहिले पंधरा दिवस तरी मी तिथंच असणार. ताक, वरणाचं पाणी, प्रोटीन पावडर, घोट घोट. मग मऊ खिमट, मग महिना-दीड महिन्यानं हळूहळू नेहमीचं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बरेच दिवस विसर, पप्पा डबा भरून पाठवतील नेहमीसारखा, तू जावईबापूंना दे. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रोटीन लागतं आणि पोटात तर दोन वाट्या पण मावत नाहीत, म्हणून आधी पनीर-डाळ, मग बाकी. जेवताना पाणी नाही, अर्धा तास आधी नाही नंतर नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतील, भरपूर गळतील, रडू नको, परत येतात.

बाळाचं लिहायचं नव्हतं पण लिहिते. तुझ्या सासूबाईंचा फोन आला होता, त्या चांगल्याच आहेत, पण त्यांना घाई आहे. ऑपरेशननंतर एक ते दीड वर्ष दिवस राहू द्यायचे नाहीत, हे पक्कं लक्षात ठेव. आणि गंमत अशी की वजन उतरलं की पीसीओडीवाल्यांची पाळी सुधारते, दिवस लवकर राहू शकतात, म्हणून साधन नीट वापरायचं, नुसत्या तोंडाच्या गोळ्यांवर विसंबायचं नाही. सासूबाईंना मी सांगू का? तू म्हणशील तर सांगते, नाही तर नाही. बाळासाठी पण तुझं लोह, बी-१२ भरलेलं लागेल. हो, परत गोळ्या.

चिनू, कोविडच्या वेळी आव्वा आजारी होत्या आणि माझी ड्युटी तिकडं लागली होती, घरी येता येत नव्हतं, तेव्हा तू वर्क फ्रॉम होम करत त्यांचं इन्सुलिन दिलंस. फ्रिजवर चार्ट लावला होतास, तीन रंगाच्या पेनांनी. सकाळचं, दुपारचं, रात्रीचं, शुगर किती, काय खाल्लं. एक रकाना मोकळा नव्हता. मी घरी आले तेव्हा तो चार्ट बघून मला काय वाटलं ते मी तुला कधी बोलले नाही. आमच्या वॉर्डातल्या ट्रेनिंग झालेल्या मुली असा चार्ट ठेवत नाहीत. मग मला कळत नाही, म्हणजे खरंच कळत नाही, की आव्वांसाठी जे हात चुकले नाहीत ते स्वतःच्या एका थायरॉईडच्या गोळीला का चुकतात. तू दुसऱ्याचं सगळं करतेस. दादाच्या लग्नात केलंस, ऑफिसमधे करतेस. स्वतःचं आलं की "बघू". मला भीती ह्या "बघू"ची आहे, टेबलावरच्या सुरीची नाही.

म्हणून एक विचारते, अट नाही घालत, तू मोठी आहेस आणि पैसे पण तुझेच आहेत. शुक्रवारी डॉक्टरांकडं जाशील तेव्हा त्यांना विचार की तारीख दोन-तीन महिने पुढं घेतली तर चालेल का. ऑपरेशन पळून जात नाही, आणि काढलेलं जठर परत बसवता येत नाही. तेवढ्या दिवसांत बी-१२ आणि हिमोग्लोबिन भरून काढू, थायरॉईड जागेवर आणू, ते तसंही ऑपरेशनच्या आधी बघतातच. आणि तसाच चार्ट लाव, तुझ्या स्वतःच्या नावाचा. मला फोटो पाठवू नको रोज, मी पोलीस नाही. जावईबापूंना पण त्यात ओढू नको, तुझं तू ठेव. डॉक्टर म्हणाले शुगरमुळं थांबायला नको, आत्ताच करा, तर आत्ता करू, मी एका शब्दानं अडवणार नाही. बॅग भरून सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं निघते.

पप्पांना अजून सांगितलं नाहीये. त्यांना बीपी आहे आणि नंदूमामांचं झाल्यापासून ते ऑपरेशन शब्द काढला की उठून बाहेर जातात. मीच सांगेन, तू एकदम व्हिडिओ कॉलवर सांगू नको त्यांना.

मार्चनंतरचे रिपोर्ट असतील तर आज रात्री पाठव, नसतील तर उद्या उपाशीपोटी रक्त देऊन ये म्हणजे शुक्रवारी हातात असतील. आणि फोटो उजेडात, पूर्ण पान येईल असा काढ, मागच्या वेळी खालच्या दोन ओळी कापल्या होत्या आणि बी-१२ त्याच ओळीत होतं.

आई