होलोनॉमी समजावणाऱ्या ताईला, मनापासून थँक यू

ताई,

हे फोनवरही बोलता आलं असतं, पण सगळ्यांसमोर लिहायचं होतं.

वक्र स्पेसचे होलोनॉमी ग्रुप (फिरवण्यांचे गट) कोणकोणते असू शकतात याची गणिती मार्सेल बर्जेची १९५५ ची लिस्ट पुस्तकात नुसती टेबल म्हणून येते, एसओ, यू, एसयू, एसपी, मग सात डायमेन्शनमध्ये जी-टू, आठमध्ये स्पिन-सेव्हन, आणि एवढेच ग्रुप का, हे कोणी धड सांगत नाही. तू टेबल बाजूला ठेवलंस आणि फळ्यावर आधी गोल काढलास. उत्तर ध्रुवावर बाण ठेवायचा, जराही न वळवता विषुववृत्तापर्यंत आणायचा, पाव फेरी सरकवायचा, परत वर न्यायचा, तर बाण चक्क ९० अंशांनी फिरलेला! असे सगळे लूप घेऊन जो ग्रुप मिळतो ती होलोनॉमी, हे डोक्यात पक्कं बसल्यावरच तू पुढे गेलीस.

आणि मग ती गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र. स्पेस सिम्पली कनेक्टेड आहे (प्रत्येक लूप आकसून बिंदू होतो), तुकड्यांत फुटत नाही, आणि होलोनॉमी युनिट स्फिअरवर एका दिशेला हव्या त्या दुसऱ्या दिशेत नेऊ शकत नसेल, तर कर्व्हेचर (वक्रता) पॅरलल, म्हणजे त्या बाणासारखं सरकवलं तरी न बदलणारं, असलंच पाहिजे, म्हणजे स्पेस लोकली सिमेट्रिक (कुठल्याही बिंदूच्या आसपास उलटवली तरी तशीच), आणि सिमेट्रिक स्पेसेसचा हिशोब एली कार्तांनी १९२० च्या दशकातच लावून ठेवलेला, म्हणून त्या या लिस्टमध्ये धरत नाहीत. हे जिम सायमन्सने १९६२ मध्ये सिद्ध केलं. म्हणजे बर्जेची लिस्ट छोटी का, तर स्फिअरवर असे फिरवणारे ग्रुप मुळातच मोजके, आणि त्यातलेही काही बियांकी आयडेंटिटीत (कर्व्हेचरला पाळावंच लागणाऱ्या समीकरणात) अडकतात. स्पिन-नाईन सोळा डायमेन्शनमध्ये लिस्टवर होता, पण अलेक्सीव्हस्कीने १९६८ मध्ये दाखवलं की तिथेही स्पेस सिमेट्रिकच निघते, म्हणून तोही गेला. हे ऐकल्यावर मला अख्खं टेबल कधी पाठ करावंच लागलं नाही, खरंच.

जी-टूचं तर मला अजून नवल वाटतं. १९५५ पासून नाव लिस्टवर, पण अशी होलोनॉमी असलेली मेट्रिक (अंतर मोजायची पद्धत) असते का हेच माहीत नाही, ते १९८७ मध्ये ब्रायंटने दाखवलं, तेही लोकल (छोट्या तुकड्यापुरतं), आणि कॉम्पॅक्ट (मर्यादित, कड नसलेली) उदाहरणं १९९६ मध्ये जॉइसची आली. तीस-चाळीस वर्षं लोक त्या एका ओळीमागे लागले होते, आणि हे तू सांगितलं नसतंस तर मी ती ओळ वाचून पुढे गेले असते.

तुझा स्वतःचा थीसिस चालू असताना तू इतका वेळ दिलास, एकदाही कंटाळा केला नाहीस, त्याबद्दल खूप खूप आभार. आता जॉइसचं ते सात डायमेन्शनच्या टोरसवालं (डोनटसारख्या आकारावरून केलेलं) कन्स्ट्रक्शन राहिलंय, त्यातले सिंग्युलर (गुळगुळीत नसलेले) भाग तो कसे नीट करतो ते तुझ्याकडूनच शिकायचंय, कधी येऊ सांग.