आधी सिम, मग बँक, मग पाकीट : एका ताईंना उघडं पत्र

कोल्हापूर

ताई,
स. न. वि. वि.

नाव छापायचं नाही ही तुमची अट पाळतो. आभार मात्र चारचौघांत मानणार, त्याला इलाज नाही. चीनमध्ये वुईचॅट आणि त्यातलं पैशांचं पाकीट कसं चालू करायचं यावरची तुमची टिपणं कसबा बावड्यापासून गारगोटीपर्यंत झेरॉक्स होऊन फिरतायत आणि दर झेरॉक्सला एखादी ओळ गळतेय. सप्टेंबरच्या सत्राला चीनला एमबीबीएससाठी निघालेली पोरं आणि शिरोली, गोकुळ शिरगावातून मशिनरी बघायला जाणारे फौंड्रीवाले, दोघांनाही ती धड मिळावीत म्हणून हे पत्र उघडं.

वुईचॅट म्हणजे तिथलं गप्पांचं आणि पैसे देण्याचं एकच ॲप, त्याच्याशिवाय तिथं पान हलत नाही हे कुणीही सांगतं. कुठलं बटण दाबायचं त्याचे व्हिडिओ पोत्यानं सापडतात. तुम्ही सांगितलात तो क्रम: आधी सिम, मग चॅट, मग पोलीस नोंद आणि निवास परवाना, मग बँक, आणि सगळ्यात शेवटी पाकीट, म्हणजे वुईचॅटमधून पैसे देण्याची सोय. यातलं एक जरी पुढचं मागं झालं तरी आधीच्या सगळ्या खिडक्या पुन्हा फिराव्या लागतात. आमचे पहिले आभार या क्रमाचे.

कोल्हापुरातून निघण्याआधी वुईचॅट टाकायच्या भानगडीत पडू नका, हे तुम्ही लाल शाईनं लिहिलंत. भारतात २९ जून २०२० ला ज्या ५९ ॲपांवर बंदी आली त्यात वुईचॅट होतं. अलीपे, म्हणजे तिथलं पैसे देण्याचं दुसरं ॲप, त्याच वर्षी सप्टेंबरमधल्या ११८ ॲपांच्या यादीत गेलं. तेव्हा आपल्या नंबरवर खातं काढून, पैसे भरून, तयार होऊन विमानात बसू, हा बेत सोडायचा. खातं चिनी नंबरवर, चिनी जमिनीवर.

इथं करायची कामं वेगळी आहेत, आणि ती राहिली तर तिथं हात बांधल्यासारखं होतं. आयफोन असेल तर ॲप स्टोअरचा देश भारत असताना वुईचॅट शोधून सापडत नाही. देश बदलायचा म्हटलं की चालू सबस्क्रिप्शन आणि खात्यात उरलेली दहा-वीस रुपयांची शिल्लकसुद्धा आडवी येते. दोन्ही घरीच निकालात काढायचं. ॲन्ड्रॉइडवाल्यांचं दुखणं निराळं: गुगल प्ले तिथं उघडत नाही. फोनच्या ब्राउझरमधून वेईशिनच्या अधिकृत साइटवर जायचं (वेईशिन हे वुईचॅटचंच चिनी नाव), फाइल उतरवायची, बाहेरचं ॲप टाकायची परवानगी तेवढ्यापुरती द्यायची आणि काम झालं की काढून घ्यायची. कुणी मित्रानं पाठवलेल्या फाइलवरून टाकू नका. त्यात काय मिसळलंय हे मित्रालाही ठाऊक नसतं.

दुसरं काम कार्डाचं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १६ मार्च २०२० पासून नवीन कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या मशीनपुरतं चालू मिळतं. परदेशातला वापर आणि ऑनलाइन वापर, ही दोन्ही बटणं आपण स्वतः बँकेच्या ॲपमध्ये जाऊन उघडायची, मर्यादाही ठरवून द्यायची. कार्ड व्हिसा किंवा मास्टरकार्डचं घ्या. आणि त्याचा ओटीपी येणार आपल्या इथल्या नंबरवर, म्हणून ते सिम रोमिंग चालू करून फोनच्या एका खाचेत कायम. नंबर ९० दिवस पडून राहिला तर कंपनीला तो बंद करता येतो. घरच्यांनी इथून रिचार्ज मारत राहायचं.

त्याच सिमचा आणखी एक उपयोग तुम्ही सांगितलात, ज्यामुळं इथल्या किती आयांना झोप लागली असेल. व्हॉट्सॲप चीनमध्ये चालत नाही, पण भारतीय सिमच्या रोमिंग डेटावर चालतं, कारण तो डेटा आपल्या कंपनीच्या जाळ्यातूनच फिरून येतो. पॅक महाग असतो. पहिले तीन-चार दिवस 'पोचलो, जेवलो' एवढ्यापुरता पुरवायचा; वायफाय लागलं की व्हॉट्सॲप गप्प होतं, तेव्हा फोन बिघडला म्हणून घाबरायचं नाही.

आता सिम. विमानतळावर किंवा ऑनलाइन मिळणारं नुसत्या डेटाचं ई-सिम स्वस्त दिसतं, पण त्याला नंबर नसतो, म्हणजे एसएमएस नाही, म्हणजे कोड नाही, म्हणजे पुढचं काहीच नाही. मोबाइल कंपनीच्या मोठ्या दुकानात पासपोर्ट घेऊन जायचं. १ डिसेंबर २०१९ पासून तिथं नवीन नंबर घेताना चेहराही टिपून जुळवतात, तेव्हा स्वतः जावं लागतं, मित्राला पाठवून भागत नाही. अकरा आकडी नंबर मिळतो. तो आवडला नाही म्हणून पुढच्या महिन्यात बदलू, असा विचारही नको. का, ते बँकेपाशी येईल.

वुईचॅटचं खातं काढताना शेवटी एक क्यूआर कोड पुढं येतो आणि ओळखीच्या माणसानं तो आपल्या वुईचॅटवरून स्कॅन करावा असं म्हणतो. इथं बरीच पोरं अडतात. हमी देणाऱ्याचं खातं जुनं हवं, नुकतंच ब्लॉक झालेलं नको, आणि गेल्या महिन्याभरात त्यानं दुसऱ्या कुणाची हमी दिलेली नको. म्हणजे एका सीनियरपुढं सहा पोरं रांगेनं उभी केली तर पहिल्याचंच काम होतं. दर पोरामागं एक सीनियर आधीच ठरवून ठेवा, हे तुमचं वाक्य आता आमच्याकडच्या यादीत वेगळ्या रकान्यात आहे. कोडची मुदतही थोडी असते, तेव्हा माणूस समोर असतानाच तो उघडायचा. खातं निघालं की पहिल्याच दिवशी पन्नास जणांना जोडणं, एकच मजकूर सगळ्यांना पाठवणं टाळायचं. नवं खातं असं वागलं की यंत्राला ते जाहिरातवाल्याचं वाटतं आणि ते बंद पडतं.

मग कागद. हॉटेलबाहेर राहणाऱ्यानं पोचल्यापासून २४ तासांत पोलिसांत पत्ता नोंदवायचा, आणि एक्स-१ म्हणजे लांब मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावाल्यानं ३० दिवसांत निवास परवान्याचा अर्ज करायचा. बऱ्याच बँका परवाना हातात असल्याशिवाय खातं उघडत नाहीत. तोवर भारतीय कार्डावर भागवायचं.

आता नाव. ताई, बाकी सगळं कुठं ना कुठं मिळालं असतं, हे तुमच्याशिवाय कळलं नसतं. आपल्याकडं एकाच बापाचं नाव आधारवर बाळासाहेब, पॅनवर बाळासो आणि शाळेच्या दाखल्यावर बाळू असतं, आणि आयुष्य त्यावर सुखानं चालतं. तिथं फक्त पासपोर्ट. तुम्ही पासपोर्टच्या फोटोच्या पानाचा तळ दाखवलात: यंत्रानं वाचायच्या दोन ओळी. वरच्या ओळीत आधी आडनाव, मग दोन कोनांच्या खुणा (<<), मग नाव, एक खूण, मग वडिलांचं नाव. पाटील, कोन कोन, संकेत, कोन, बाळासो. बँकेचं मशीन याच ओळीवरून नाव उचलतं, म्हणून खात्यावर 'पाटील संकेत बाळासो' असं आडनाव पुढं येऊन बसतं. काउंटरवरच्या माणसानं हातानं टाइप केलं तर 'संकेत बाळासो पाटील' होतं. कधी दोन शब्द चिकटतात, कधी लांब नावाची शेपूट कापली जाते. खातं चालतं, एटीएममधून पैसेही निघतात. अडतं ते पाकिटापाशी.

कारण वुईचॅट कार्ड जोडताना बँकेला चार गोष्टी एकदम विचारतं: नाव, पासपोर्ट नंबर, कार्ड नंबर, आणि बँकेकडं नोंदवलेला मोबाइल. चारही तंतोतंत जुळल्या तर होकार, नाहीतर नकार. आणि कुठली चुकली हे सांगेलच असं नाही. म्हणून बँकेतून उठायच्या आधी खात्याची छापील पावती मागायची, नाव कसं पडलंय, किती मोकळ्या जागा आहेत, याचा फोटो काढायचा आणि ॲपमध्ये तस्संच भरायचं. चुकीचं छापलं असेल तर तिथंच, त्याच खुर्चीत बसून दुरुस्त करून घ्यायचं. सिमचा नंबर का बदलायचा नाही, तेही इथं कळतं: चौथी गोष्ट तीच आहे. पासपोर्ट नवा काढला की नंबर बदलतो, तेव्हा आधी बँकेत, मग मोबाइल कंपनीत, मग वुईचॅटमध्ये, असं फिरायचं. उलटं फिरलात तर दारं बंद.

कार्ड जोडायची वाट सोपी आहे. 'मी', मग 'सर्व्हिसेस', मग 'वॉलेट', मग 'कार्ड्स', 'ॲड'. शेवटी सहा आकडी पिन ठरवायचा. जन्मतारीख ठेवू नका.

पैसे द्यायच्या दोन तऱ्हा आपल्या पोरांना गोंधळात टाकतात. राजारामपुरीत मिसळ खाल्ली की आपण दुकानाचा क्यूआर स्कॅन करतो, आकडा टाकतो, पेटीतून आवाज येतो. तिथं तेही आहे, पण मोठ्या दुकानात बहुधा आपला कोड आपण दाखवायचा आणि त्यांच्या स्कॅनरच्या बंदुकीनं तो टिपायचा. कोडखाली १८ आकडे असतात आणि तो मिनिटामिनिटाला बदलतो. 'पैसे आले का बघतो, त्या आकड्यांचा फोटो पाठव' असं कुणी म्हटलं तर समजायचं की तो चोर आहे, कारण ते आकडे म्हणजेच पैसे देण्याची परवानगी. यूपीआय तिथं चालत नाही, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगून ठेवतो.

भारतीय कार्ड जोडलेलं असताना २०० युआनपर्यंतच्या बिलाला शुल्क नाही. त्यावर गेलं की पूर्ण रकमेवर ३ टक्के. म्हणजे ३०० युआनला ९ युआन, वर आपल्या बँकेचा परकीय चलनाचा मार्कअप (वरचा आकार) आणि त्यावर जीएसटी. रोजच्या जेवणाला काही फरक पडत नाही, महिन्याच्या भाड्याला पडतो. मार्च २०२४ पासून परदेशी कार्डाची मर्यादा एका व्यवहाराला ५,००० डॉलर आणि वर्षाला ५०,००० डॉलर आहे, तेव्हा मर्यादा हा विद्यार्थ्याचा प्रश्न नाही. प्रश्न हा की परदेशी कार्डावरून मित्राला पैसे पाठवणं, लाल पाकीट (चॅटमधून पाठवायची पैशांची भेट) देणं, भाजीवालीच्या खासगी कोडवर देणं सहसा अडतं. त्यासाठी चिनी बँकेचं खातं लागतंच. तोपर्यंत दोन-तीनशे युआन रोख खिशात, आणि निळं अलीपे जोडीला. एक अडलं तर दुसरं.

आणि ती जी ओळ बहुतेक झेरॉक्समधून गळलीय, ती इथं मुद्दाम ठळक. 'तुझ्या बाबांनी माझ्या बाबांना इथं रुपये द्यायचे, मी तुला तिथं युआन देतो.' पोरांना हा व्यवहार शेजारधर्म वाटतो. आपल्या कायद्यात ही हवाला आहे. आणि तिकडं समोरच्याच्या खात्यात आलेला पैसा फसवणुकीचा निघाला तर आपलं खातं गोठतं, भले आपल्याला काही माहीत नसो. आपलं कार्ड किंवा वुईचॅट खातं दुसऱ्याला वापरायला देणं हा तर तिथं सरळ गुन्हा; २०२० च्या ऑक्टोबरपासून त्यावर मोहीमच चालू आहे. पैसे बँकेतूनच पाठवायचे.

फौंड्रीवाल्यांसाठी तुमची टीप दोनच ओळींची होती, ती तेवढीच ठेवतो. ग्वांगझौच्या प्रदर्शनाला दहा दिवस जाणाऱ्यानं बँक खात्याच्या नादी न लागता कार्ड जोडायचं आणि त्यावर जेवण, टॅक्सी, मेट्रो भागवायची. मशिनरीचा ॲडव्हान्स मात्र पाकिटातून कधीच नाही. प्रोफॉर्मा इन्व्हॉइस (विक्रेत्याचं आगाऊ बिल) घेऊन इथल्या बँकेतून टीटी, म्हणजे थेट बँकेमार्फत रक्कम पाठवणं, नाहीतर पुढं बिल ऑफ एंट्रीशी (माल आल्यावरच्या कस्टमच्या कागदाशी) रकमेचा मेळ बसत नाही.

चॅटबद्दल किरकोळ. व्हॉट्सॲपसारखा क्लाउडवर बॅकअप असेल असं धरून फोन बदलू नका. संदेश फोनमध्येच असतात. जुना आणि नवा फोन एका वायफायवर ठेवून चॅट हलवायचं, मगच जुना फोन पुसायचा. कॉलेजच्या ग्रुपचा क्यूआर ७ दिवसच चालतो आणि ग्रुप २०० च्या वर गेला की कोडनं आत जाताच येत नाही, आतल्या कुणी बोलवावं लागतं. प्राध्यापकांनी टाकलेली फाइल त्याच दिवशी उघडून उतरवून घ्यायची, राहिली तर ती मुदत संपल्याचं दाखवते.

परत येताना पाकीट रिकामं करायचं, हे तुमच्या शेवटच्या पानावर होतं. वुईचॅटमधून बँकेत काढताना आयुष्यभरात मिळून पहिले १,००० युआन फुकट, पुढं ०.१ टक्का, अलीपेत ही सवलत २०,००० युआनपर्यंत. पाकीट आधी, मग बँक खातं, आणि सिम सगळ्यात शेवटी बंद, कारण पहिल्या दोघांचे कोड त्याच्यावरच येतात. जाताना लावलेला क्रम येताना बरोबर उलटा.

बिंदू चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडची जुनी प्रत फाडून टाकायला सांगितलीय. काही चुकलं असेल तर कळवा, नवी प्रत तुमच्या दुरुस्तीनंतरच लागेल.

कळावे, लोभ असावा.

आपले,
जाणाऱ्यांच्या याद्या करणारे आम्ही काहीजण