ईगलचे चारही पाय टेकले पाहिजेत

पुणे, 12 जुलै

प्रिय बंड्या,

'ईगल' अंतराळयानाच्या रेझिन मॉडेल किटचा डबा हाती पडला हे वाचून बरं वाटलं, पण 'येत्या रविवारी जोडून टाकतो' हे काही पटलं नाही. प्लॅस्टिकच्या किटचं ठीक आहे, फ्रेमवरून तुकडे कापले की जोडायला बसता येतं. रेझिनचे तुकडे सिलिकॉनच्या साच्यात हाताने ओतलेले. त्यांना तेलकटपणा असतो, बुडबुडे असतात, बाकही असतो. रविवार नुसता धुण्यात जाईल, जाऊ दे.

धुण्याआधी सूचनापत्रकाशी सगळे भाग ताडून बघ. काही कमी असेल तर विकणाऱ्याला आत्ताच कळव, करवत लावल्यावर कोणी ऐकत नाही. तुकडा साच्यातून सुटावा म्हणून मारलेलं रसायन पृष्ठभागावर राहतं आणि रंग धरू देत नाही. मग मास्किंग टेप ओढली की रंगही तिच्याबरोबर निघतो. कोमट पाणी, भांड्यांचा लिक्विड साबण आणि जुना टूथब्रश पुरे. बेसिनच्या भोकावर गाळणी ठेव, नाहीतर एखादा थ्रस्टर, म्हणजे यानाचं चिमुकलं इंजिन, थेट खाडीत.

ओतताना तुकड्यांना चिकटून राहिलेले जादा रेझिनचे ठोकळे बारीक दातांच्या करवतीने काप, पण रेषेच्या मिलिमीटरभर बाहेरून. उरलेलं वॉटर पेपरवर ओलं घास: आधी 240 नंबरचा, मग 400, मग 600. कोरडं अजिबात नको, ती धूळ पिठासारखी उडते आणि फुप्फुसात बसते. करवत चालवतानाही एन-95 मास्क लाव. वाकलेला तुकडा साधारण 70 अंशांच्या पाण्यात मिनिटभर बुडव, काचेवर सपाट दाब आणि तसाच धरून गार पाणी ओत. पुरता गार व्हायच्या आत हात काढलास तर पुन्हा पहिल्यासारखा वाकेल.

बुडबुड्यांसाठी फेविक्विक आणि टाल्कम पावडर कालवून टाचणीने भर. खायच्या सोड्यानेही भरता येतं, पण ते क्षणात दगड होतं. मग घासताना भोवतालचं मऊ रेझिन झिजतं आणि भरलेली जागा टेंगळासारखी वर राहते. टाल्कमवालंसुद्धा तासाभरात घासून घे, रात्रभर ठेवू नकोस.

आता खरी गोष्ट, यानाचा सांगाडा, म्हणजे दांड्यांची जाळी. 'स्पेस: 1999' या 1975 सालच्या मालिकेसाठी ब्रायन जॉन्सनने हे यान आखलं, तेव्हा स्टुडिओतलं मोठं मॉडेल 44 इंची होतं आणि त्याची जाळी पितळी नळ्यांची होती. तुझं 22 इंची, म्हणजे बरोबर निम्मं, पण जाळी रेझिनची. मागचा इंजिनांचा ठोकळा भरीव आणि जड असतो. त्याच्या वजनाने रेझिनच्या बारीक दांड्या काही महिन्यांत खाली झुकतात, एप्रिल-मेच्या उकाड्यात तर लवकरच. म्हणून किटची जाळी फक्त मापापुरती वापर आणि नळ्या पितळी घे.

एका सपाट फळीवर जाळीची बाजू कागदावर पूर्ण मापात काढून चिकटव. रेषांच्या दोन्ही अंगांना बारीक खिळे ठोकले की नळ्या हलत नाहीत. डाग देण्याआधी टोकं कानशीने सांध्याच्या आकाराला घासून घे, फट राहिली तर कथील ती भरतं पण ताकद देत नाही. टोकं चकचकीत कर, फ्लक्स (कथील नीट धरावं म्हणून लावायची पेस्ट) लाव, 60 वॉटची कावीया (सोल्डरिंग आयर्न) चालेल. शेजारचा सांधा सुटू नये म्हणून त्यावर ओल्या कापसाचा बोळा ठेव. दोन बाजू झाल्या की आडव्या नळ्या लावताना प्रत्येक कोपऱ्याला गुण्या लाव. इथे अर्धा मिलिमीटर चुकला तर तो थेट पायांत दिसतो: तीन टेकतात, चौथा हवेत.

पायांनाही तोच न्याय. रेझिनच्या पायात पितळी तार घाल, निदान दीड मिलिमीटरची. वजन पेलणारे सांधे फेविक्विकवर सोडू नकोस. ते ओढ सहन करतं, पण बाजूने धक्का बसला की कट्‌कन तुटतं. चोवीस तासांचं अराल्डाइट घे, दोन्ही ट्यूब समान. ते सावकाश सुकतं हाच फायदा. तेवढ्या वेळात यान काचेवर उभं करून चारही पाय टेकवता येतात. प्लॅस्टिक मॉडेलचा सिमेंट, म्हणजे त्याचा गोंद, मात्र कपाटातच राहू दे. तो प्लॅस्टिक विरघळवून जोडतो, रेझिनवर त्याचं काही चालत नाही.

रंगाचं थोडक्यात. आधी फिका राखाडी प्रायमर मार. तो बसला की लपलेली सगळी भोकं दिसतील, हिरमुसू नकोस, तो त्यासाठीच असतो. त्यावर पांढऱ्याचे तीन-चार पातळ हात, पण शुद्ध पांढरा नको, खेळणं वाटतं. त्यात राखाडीचे दोन थेंब टाक. पॅनेलसाठी त्याच मिश्रणात आणखी थोडा राखाडी, इतकाच की फरक दिसेल न दिसेल. सध्याच्या पावसात लॅकर मारू नकोस. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंग दुधाळ होतो. झालाच तसा, तर कोरड्या दिवशी नुसत्या थिनरचा हलका फवारा दे, बहुतेक वेळा उतरतो.

जाळीची दांडी कॅलिपरने दोन-तीन जागी मोजून आकडा कळव. इथल्या बोहरी आळीत, हार्डवेअरच्या दुकानांत, त्या मापाची नळी मिळते का बघतो.

तुझा,
शऱ्या