तेरा पाऊण पावणेदहा : मालवणच्या तात्यांना कोल्हापुरातून

तीर्थरूप तात्या,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला मोबाईलवर वाचून दाखवणार आणि कंटाळा आला की मधली वाक्यं गाळणार, म्हणून आभार आधीच मानून घेते. बाकीचं त्यानं गाळलं तरी चालेल. नाव घालायचं नाही ही तुमची ताकीद पाळलेली आहे. मालवण बंदरात तात्या म्हणून हाक मारली तर पाचपंचवीस माणसं मागं वळून बघतील, त्यातले तुम्ही कोण हे कुणाला कळायचं नाही.

पत्र उघडं लिहितेय, कारण थंडी पडली की निम्मं कोल्हापूर फोंडा घाट उतरून तुमच्याकडं येतं. बहुतेकांच्या खिशात एकच यादी असते. आमच्याही भावाच्या खिशात होती. गाडी ठरवून देणाऱ्यानं लिहून दिलेली: किल्ला, रॉक गार्डन, चिवला, तारकर्ली, देवबाग, संगम, त्सुनामी आयलंड आणि जमलं तर डॉल्फिन. सगळं एका दिवसात उरकायचं. यादीत वेळाही होत्या, पण त्या ड्रायव्हरच्या जेवणाच्या सोयीनं लावलेल्या. तुम्ही ओट्यावर बसून ती शेवटपर्यंत ऐकून घेतलीत आणि एवढंच विचारलंत, "आज तिथ खंयची?"

आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागलो. आमच्या वडिलांनी, आण्णांनी, मात्र सांगितलं की उद्या त्रयोदशी. दत्तजयंती जवळ आली होती आणि आमच्या गल्लीतली माणसं नरसोबाच्या वाडीला निघाली होती, त्यामुळं त्यांच्या डोक्यात तिथी पक्की होती. तुम्ही म्हणालात, तेराची पाऊणपट करा. आणि आमचे आण्णा, ज्यांना काल कुठली गोळी घेतली ते आठवत नाही, ते ताडकन म्हणाले, "तेरा पाऊण पावणेदहा!"

तात्या, तुम्हाला कल्पना नसेल, पण त्या क्षणी तुम्ही एका म्हाताऱ्या माणसाचं मोठं काम केलंत. आण्णांच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी (पाव, अर्धा, पाऊण, सव्वाचे पाढे) छड्या देऊन पाठ करून घेतली होती. पुढं हिशोबाला यंत्रं आली आणि पाऊणकीचा उपयोग काय, हा प्रश्न त्यांना आम्हीच लहानपणी विचारून छळलं होतं. उत्तर मालवणात मिळालं. पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. प्रतिपदेपासून पंधरापर्यंत तिथी मोजायची, पुढच्या पंधरवड्यात पुन्हा एकपासून. त्रयोदशीला पावणेदहाच्या सुमाराला पाणी पुरतं भरतं, त्यानंतर सहा तास आणि वर दहाबारा मिनिटांनी ओहोटी. चंद्र रोज जवळपास पन्नास मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढी पुढं सरकते. हा अंदाजच, दहावीस मिनिटं इकडंतिकडं होतात हे तुम्हीच बजावलंत. पण हे गणित हातात आलं आणि भावाची यादी तुम्ही उलटीपालटी करून टाकलीत.

किल्ला सकाळी, भरतीला. कारण विचारल्यावर तुम्ही आण्णांच्या गुडघ्यांकडं बोट दाखवलंत. पाणी भरलेलं असलं की होडी वर येते, धक्क्यावरनं एका पायरीचा पाय टाकला की माणूस आत. ओहोटीला त्याच पायऱ्या खालपर्यंत उघड्या पडतात, ओल्या आणि शेवाळलेल्या. आण्णा गुडघ्यांमुळं किल्ल्याचं स्वप्न सोडूनच आले होते, किनाऱ्यावरनं हात जोडायचे म्हणत होते. तुमच्या नातवानं दंडाला धरलं आणि दुसऱ्या मिनिटाला ते फळीवर बसलेले होते. पलीकडं उतरतानाही तसंच.

त्याआधी तुम्ही आम्हाला दांडीला मोरयाच्या धोंड्यापाशी नेलंत. यादीत हा धोंडा नव्हता. खडकावर कोरलेला गणपती, चंद्र-सूर्य, आणि समोर पाण्यात कुरटे बेटावरचा किल्ला. २५ नोव्हेंबर १६६४ ला इथं पूजा करून महाराजांनी सिंधुदुर्गाच्या कामाला हात घातला आणि १६६७ मध्ये तटबंदी उभी राहिली. पूजा जमिनीवर झाली आणि किल्ला पाण्यात बांधला, हे त्या धोंड्याजवळ उभं राहिल्याशिवाय नीट कळत नाही. आण्णांनी चप्पल काढली आणि तिथंच बराच वेळ उभे राहिले. भाऊ घड्याळ बघत होता, तुम्ही त्याला काहीतरी कामाला लावलंत. ते कामही खोटंच होतं, हे मला नंतर कळलं.

किल्ल्याबद्दल काय लिहू? दरवाजा अगदी तटाला टेकेपर्यंत दिसत नाही हे वाचलं होतं, बघितलं तेव्हा पटलं. दूधविहीर, साखरविहीर, दहीविहीर: चारी बाजूंनी खारा दर्या आणि आत गोडं पाणी. ४८ एकरांतलं सगळं काही आण्णांना चालवणार नव्हतं, म्हणून तुम्ही सांगितल्याप्रमाणं आम्ही थेट शिवराजेश्वराच्या देवळात गेलो. हे देऊळ राजाराम महाराजांनी बांधलं. महाराजांची मूर्ती इथं बिनदाढीची आहे. पुढचा सभामंडप आमच्या शाहू महाराजांनी बांधलेला, हे पुजाऱ्यांनी सांगितल्यावर आण्णांची मान अशी ताठ झाली की जणू विटा त्यांनीच वाहिल्या होत्या. परत आल्यावर त्यांनी तुम्हाला इतिहासाचा तास घेतला: मालवण आमच्या करवीर गादीचं होतं, १८१२ च्या तहात ते इंग्रजांना द्यावं लागलं. तुम्ही जाळ्याची गाठ मारता मारता मान वर न करता विचारलंत, "मगे परत घेवक इलास काय?" हा किस्सा आण्णांनी आता तालमीच्या कट्ट्यावर इतक्यांदा सांगितलाय, की तुम्ही शिवाजी पेठेत आलात तर तुम्हाला लोक ओळखतील.

चार वाजता रॉक गार्डन. यादीप्रमाणं आम्ही तिथं सूर्यास्ताचे फोटो काढायला जाणार होतो आणि बागेतल्या बाकावर बसून परत येणार होतो. तुम्ही ओहोटीला नेलंत, म्हणून बागेच्या पलीकडं दुसरीच बाग बघायला मिळाली. पाणी मागं हटलेलं, काळ्या खडकांत जागोजाग डबकी साठलेली, आणि प्रत्येक डबक्यात काहीतरी हलतंय. शंख उचलावा तर त्यातनं खेकड्याचे पाय बाहेर. एका खळग्यात समुद्रफूल उघडलेलं होतं, माझ्या भाचीनं बोट जवळ नेताच त्यानं सगळ्या पाकळ्या आत ओढून घेतल्या आणि ती किंचाळली. पायांत चप्पल हवीच, कारण खडकाला चिकटलेल्या कालवांच्या कडांनी तळवा फाटतो, आणि हिरवा खडक दिसला की तिथं पाय टाकायचाच नाही, हे तुम्ही मुलांकडनं म्हणून घेतलंत. भाचीनं दोन शंख खिशात टाकले होते. तुम्ही रागावला नाहीत. एक शंख पाण्यात उलटा ठेवायला लावलात आणि तो चालायला लागेपर्यंत तिला थांबवलंत. मग तिनं दुसरा स्वतःच काढून ठेवला. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, २९.१२ चौरस किलोमीटरचं, आणि किल्ल्याच्या आसपास पोवळी आहेत, हे मला तुमच्याकडनंच कळलं. आम्ही अभयारण्य म्हटलं की दाजीपूर आणि गवे एवढंच समजत होतो.

सूर्य बुडायच्या आधीच तुम्ही सगळ्यांना खडकांवरनं मागं बोलावलंत. पाणी फिरलं होतं. दूरच्या खडकांवर पुढं जाऊन सेल्फी काढणारी पोरं होती, त्यांनाही तुम्ही हाका मारल्यात. त्यांच्यातला एकजण "काका, एकच मिनिट" म्हणाला. तुम्ही जागचे हलला नाहीत, ती सगळी परत येईपर्यंत. गाडीचा नंबर बघितला तर एमएच शून्य नऊ. आमचीच माणसं! काय बोलायचं?

आता देवबाग. इथले आभार वेगळे मानायला पाहिजेत.

आमचा पुतण्या पोहणारा आहे. शिवाजी पुलावरनं पंचगंगेच्या पुरात उड्या मारणाऱ्यांच्या घराण्यातला, त्यामुळं पाणी म्हटलं की त्याच्या अंगात येतं. देवबागला एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला दर्या, मधे माडांची चिंचोळी पट्टी, आणि टोकाला दोघांचा संगम. पाणी दिसायला शांत. तो शर्ट काढत होता. आमच्यापैकी कुणी सांगून त्यानं ऐकलं नसतं, आणि "जाऊ नको" म्हटलं असतं तर नक्की गेला असता. तुम्ही म्हणालात, "न्हंय पुढे नेता, दर्यो मागे ओढता," (न्हंय म्हणजे नदी) आणि एक वाळका नारळ संगमाच्या पाण्यात भिरकावलात. ओहोटी लागलेली होती. नारळ बघता बघता बाहेरच्या लाटांत गेला. पुतण्यानं शर्ट परत घातला. बोलला नाही, पण घातला.

नंतर तुम्ही त्याला जे समजावलंत ते इथं मुद्दाम लिहिते, आमच्या इतर पोहणाऱ्यांसाठी. पुराच्या पाण्यात काठ दोन्हीकडं असतो, वाहून गेलं तरी पुढं कुठंतरी तो लागतो. दर्यात एकच काठ. ज्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, पाणी गढूळ दिसतं आणि फेस बाहेरच्या दिशेनं चाललेला असतो, ती जागा पोरांना सोपी वाटते, पण तिथंच पाणी बाहेर ओढत असतं. त्यात सापडलं तर काठाकडं तोंड करून झगडायचं नाही, दम जातो. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला सरकायचं, ओढ संपली की मग लाटांबरोबर आत यायचं. आणि ओहोटीला नदीच्या मुखाशी उतरायचंच नाही, पोहता कितीही येत असलं तरी. त्या दिवशी चतुर्दशी होती, म्हणजे साडेदहाची भरती. तुम्ही आम्हाला सकाळीच तारकर्लीला पाणी चढत असताना डुंबू दिलं होतंत आणि दहाच्या आत सगळ्यांना बाहेर काढलं होतंत. तेव्हा मुलांनी तोंडं फुगवली होती. दुपारी उशिरा ओहोटीला वाळूचा उंचवटा उघडा पडला तेव्हा होडीनं तिथंही नेलंत. खरं सांगायचं तर त्या त्सुनामी आयलंडवर मला फार काही वाटलं नाही. मोटारींचा आवाज, जेट स्की आणि भज्यांचा वास. तुम्हीही होडीतनं उतरला नाहीत. काही बोलला नाहीत, पण मी बघितलं.

परत निघायच्या सकाळी चिवल्यावर रापण ओढायला लावलीत. दोन्हीकडनं दोर, मधे पाण्यात जाळं, आणि दोराला हात लावणाऱ्यांत निम्मी माणसं गावातली आणि निम्मे आमच्यासारखे चुकार. पहाटेच्या गारठ्यात भावाच्या तळहाताला फोड आले. जाळ्यात तारली आणि थोडे बांगडे होते. तुम्ही आमच्या वाट्याचे बांगडे घरी पाठवलेत आणि काकींनी ते तिरफळ घालून केले. (काकींना माझा वेगळा नमस्कार सांगा. भावानं पहिल्या रात्री तांबडा रस्सा मिळेल का विचारलं होतं, ते त्यांनी मनावर घेतलं नसेल अशी आशा आहे.)

जाताना धामापूरला थांबा म्हणालात, थांबलो. १५३० मध्ये बांधलेला तलाव, काठाला भगवतीचं देऊळ आणि वर डोंगराची झाडी. तिथं गाडीतनं कुणी उतरणार नाही असं वाटलं होतं, पण समुद्राच्या खारट वाऱ्यानंतर गोड्या पाण्याचा थंडावा सगळ्यांनाच बरा वाटला. आण्णा तिथंही पाण्याला भरती असते का विचारायला लागले.

तुमच्यामुळं आमच्या घरात एक त्रास सुरू झालाय, तेवढा सांगते. आण्णा रोज सकाळी चहाच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघतात आणि मालवणची भरती जाहीर करतात. "आज अष्टमी. आठ पाऊण सहा. भांगाचं पाणी, फार चढायचं नाही." अमावास्येला उधाणाचा इशारा देतात. कोल्हापुरात. समुद्रापासून एवढ्या लांब. शेजारच्या पोरांना पाऊणकी शिकवायला घेतलीय, आणि आश्चर्य म्हणजे पोरं शिकतायत.

आता तुमची पाळी. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात आणि किल्ल्याची वाहतूकही थांबलेली असते. तेव्हा काकींना घेऊन या. मुक्काम आमच्याच घरी, लॉज बघायचा नाही. आण्णांना तुम्हाला पंचगंगा दाखवायचीय. त्यांच्याही पाण्याला गणित आहे, ते राजाराम बंधाऱ्याच्या फुटांत चालतं: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. ते तुम्हाला घाटाची कुठली पायरी बुडाली की किती फूट झालं ते सांगतील, आणि तुम्ही ऐकून घ्याल अशी त्यांची खात्री आहे. गुऱ्हाळं तेव्हा बंद असतात, म्हणून नवा गूळ आणि काकवी आत्ताच बाजूला काढून ठेवलीय.

पाणी ३९ च्या वर गेलं तर मात्र निघू नका. आण्णा फोन करतील. तुम्ही उचलत नाही म्हणून नातवाच्या फोनवर करतील, त्याला सांगून ठेवा.

आपली,
शिवाजी पेठेतली, आण्णांची लेक