"खिळा घेऊन या" म्हणणाऱ्या काकांना

पुण्याच्या तापकीर गल्लीत दुरुस्तीचं दुकान असलेल्या काकांना,
सा. न. वि. वि.

तुम्ही दुरुस्त केलेलं आमचं खिळे शोधायचं मशीन वाजतंय. काल कडुलिंबाच्या ओंडक्यात चार बोटं आत रुतलेला खिळा त्याने पकडला आणि आमच्या करवतीचा पट्टा वाचला. फोनवर नीट बोलता आलं नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. आमची सॉ मिल आहे. रस्ता रुंदीकरणात पडलेली झाडं लिलावातून आमच्याकडे येतात. त्यांच्यावर वर्षानुवर्षं 'खोली भाड्याने देणे', क्लासेस आणि मूळव्याधीच्या पाट्या ठोकलेल्या असतात. पाट्या जातात, खिळे मात्र झाड गिळून टाकतं. बँडसॉचा पट्टा त्यावर गेला की दात तरी जातात, नाहीतर पट्टाच तुटून उडतो. आणि समोर माणूस उभा असतो.

त्यासाठी वडिलांनी सत्तरच्या दशकात एका रेडिओ मेकॅनिककडून मेटल डिटेक्टर बनवून घेतला होता. पत्र्याचा डबा, दांडी, टोकाला ताटाएवढी कॉईल, कानाला हेडफोन. आत एसी 128 जातीचे जर्मेनियम ट्रान्झिस्टर आणि जुन्या रेडिओतला गँग, म्हणजे स्टेशन लावायला फिरवतात तो भाग. हा डिटेक्टर बंद पडला आणि आमची वणवण सुरू झाली.

एका दुकानदाराने डबा न उघडताच "भंगारात द्या" म्हणून सांगितलं. दुसऱ्याने कित्येक महिने ठेवून घेतला आणि परत दिला तेव्हा झाकणाचे स्क्रूसुद्धा गायब. तिसऱ्याने जर्मेनियमच्या जागी सरळ सिलिकॉन ट्रान्झिस्टर ठोकले. जर्मेनियमला चालू व्हायला 0.3 व्होल्टच्या आसपास लागतात, सिलिकॉनला 0.7. बाकीची जुळणी न बदलता हे केल्यावर मशीन मुकं होणारच. पण बिल मात्र खणखणीत होतं! कुणी सिक्युरिटीवाल्यांचा हातातला दांडका गळ्यात मारला. तो खिशातल्या किल्ल्या ओळखतो, ओंडक्याच्या पोटातलं त्याला काय कळणार?

तुम्ही मात्र मॉडेल विचारलं नाही, किंमत विचारली नाही. "ह्याने काय शोधता?" एवढंच विचारलंत. मी सांगितलं तर म्हणालात, "मग पुढच्या खेपेला तसलाच एक खिळा घेऊन या. आणि लाकडाचा तुकडा." काका, एवढ्या वणवणीत हे कुणीच विचारलं नव्हतं. खिळा फळीखाली ठेवून, हेडफोन कानाला लावून तुम्ही गँग केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत होतात. गिऱ्हाईक ताटकळत होतं, तरी तुमची मान वर होईना. दोन आवाजांतला फरक ऐकायचा असतो म्हणालात, तो मीटरवर दिसत नाही. ट्रान्झिस्टर तर तुम्ही कुठल्याशा जुन्या डब्यातून, कागदाच्या पुडीतून काढलेत, जपून ठेवलेल्या केशरासारखे.

आणि वर ती गोष्ट! 1881 साली अमेरिकेच्या अध्यक्षाला, गारफिल्डला गोळी लागली. ती शोधायला टेलिफोनवाला ग्रॅहॅम बेल स्वतः यंत्र घेऊन गेला, पण पलंगाच्या लोखंडी स्प्रिंगांनी घोटाळा केला म्हणतात. "तुमचा ओंडका कशावर ठेवता?" लोखंडी ट्रॉलीवर, मी म्हटलं. तुम्ही नुसते हसलात. आता आम्ही ओंडका आधी लाकडी ठोकळ्यांवर चढवून तपासतो.

अशी माणसं अजून आहेत, गल्लीबोळात, पाटीसुद्धा धड नसलेल्या दुकानांत. समोरच्याचं काम नेमकं काय आहे हे समजून घेतल्याशिवाय हात न घालणारी. शिक्षण किती, माल किती, ह्याच्याशी त्याचा संबंध नसतो. वळण असतं ते.

मजुरी तुम्ही इतकी कमी सांगितलीत की मला लाज वाटली. तुमच्या टेबलाची फळी एका कडेने कुजलीय, सोल्डरिंग गन तिथून घसरते, हे मी पाहून ठेवलंय. घरचा जुना साग पडून आहे. माप कळवा. नाही कळवलंत तर पुढच्या आठवड्यात टेप घेऊन मीच येतो.

आपला,
सातारा रस्त्यावरचा सॉ मिलवाला