पापणीची शस्त्रक्रिया कोणाच्या हाती?

महोदय,

पापणी उचलणारा स्नायू शस्त्रक्रियेत मिलिमीटर-दोन मिलिमीटर जास्त आखडला गेला, तरी डोळा पुरता मिटत नाही आणि बुबुळ कोरडे पडू लागते. म्हणूनच साडेपाच वर्षांचे एमबीबीएस आणि तीन वर्षांचे नेत्रशल्यचिकित्सेचे पदव्युत्तर शिक्षण झाल्यावरही काही डॉक्टर ऑक्युलोप्लास्टीच्या, म्हणजे पापण्या व डोळ्याभोवतीच्या भागाच्या शस्त्रक्रियेच्या, फेलोशिपसाठी आणखी एक-दोन वर्षे देतात. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या (काळ्या बुरशीच्या) रुग्णांचा जीव वाचवण्यासाठी डोळा काढण्याची वेळ आली, तेव्हा हेच डॉक्टर उभे होते.

डोळ्यांखालच्या पिशव्या काढून देण्याच्या जाहिरातींत मात्र शस्त्रक्रिया कोण करणार, हे अनेकदा लिहिलेलेच नसते. या शस्त्रक्रियेत डोळ्यामागे रक्तस्राव झाल्यास काही तासांत दृष्टी जाऊ शकते. अशा जाहिरातींत डॉक्टरची पदवी, प्रशिक्षण व नोंदणी क्रमांक छापण्याची सक्ती शासनाने करावी.

– एक वाचक, पुणे