बाबा, बिलावरचा बेल्ट वेगळा

पुणे, 8 फेब्रुवारी 2026

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, टायमिंग बेल्ट बदला असं मी म्हटल्यावर तुम्ही पाठवलेले आपल्या रेनो डस्टर गाडीच्या बिलांचे फोटो मिळाले. 2021च्या बिलात ज्या ओळीखाली तुम्ही लाल पेनने रेघ मारली आहे, तिथे ‘बेल्ट’ असंच लिहिलंय. तेव्हा "बेल्ट तर बदललेला आहे" हे तुमचं म्हणणं खोटं नाही. फक्त तो टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या आतल्या फिरणाऱ्या भागांचा मेळ राखणारा पट्टा, नाही. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आणि एसीचा कॉम्प्रेसर फिरवणारा बाहेरचा पट्टा आहे तो. त्या ओळीच्या वर-खाली बघा: टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) नाही, वॉटर पंप नाही, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) नाही आणि मजुरी ऑइल बदलण्याइतकी. टायमिंग बेल्टचं काम एवढ्या छोट्या बिलात मावतच नाही. बाकीच्या बिलांतही तो कुठे सापडला नाही. म्हणजे मे 2014 मध्ये शोरूममधून आला तोच बेल्ट अजून आत फिरतोय.

आता तुमचा दुसरा मुद्दा. "46 हजारच तर झाले, मस्त चालून राहिली." गाडीसोबत मिळालेली पुस्तिका कपाटातून काढा आणि मेन्टेनन्सच्या तक्त्यात टायमिंग बेल्टची ओळ शोधा. तिथे किलोमीटरसोबत वर्षंही असतात, आणि दोन्हीपैकी जे आधी भरेल ते धरायचं असतं. तुम्ही किलोमीटर मोजताय, पण आपल्या गाडीची वर्षं केव्हाच भरली आहेत. हा बेल्ट रबराचा असतो, आत काचतंतूंच्या दोऱ्या आणि आतल्या बाजूला दाते. गाडी पोर्चमध्ये उभी राहिली म्हणून रबराचं वय थांबत नाही. त्यात आपलं नागपूर: मे महिन्यात बाहेर 45 अंश, आणि बॉनेटखाली इंजिनाची धग वेगळी. असे जवळजवळ बारा उन्हाळे त्याने काढलेत.

जोशीकाकांना बेल्ट बदलावा लागला नाही, तेही खरं आहे. त्यांच्या स्विफ्ट डिझेलला बेल्टच नाही, चेन आहे. त्यांचा सल्ला त्यांच्या गाडीला बरोबर लागू पडतो.

तुटला तर काय होतं ते जरा सविस्तर सांगते, कारण निर्णय त्यावरच ठरतो. खाली क्रँकशाफ्ट पिस्टनना वर-खाली करतो, वर कॅमशाफ्ट हवा-धुराच्या वाटेचे व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक व्हायला हवा. हा मेळ बेल्टचे दाते सांभाळतात. आपल्या 1.5 डिझेलमध्ये पिस्टन वर येतो तेव्हा उघड्या व्हॉल्व्हला जागा उरत नाही. बेल्ट तुटला, किंवा दोन-चार दाते झडून घसरला, की कॅम जागीच थांबतो, क्रँक मात्र वेगात असल्याने आणखी फिरतो आणि पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. व्हॉल्व्ह वाकतात. मग इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, उतरवा, आठही व्हॉल्व्ह तपासा, हेड गॅस्केट नवीन, हेडचे बोल्ट नवीन, आणि पिस्टनला मार बसला असेल तर पुढचं वेगळंच. डिझेल पंपही याच बेल्टवर असल्यामुळे गाडी जागीच बंद पडते. ब्रेक हलका ठेवणारा व्हॅक्यूम देणारा पंप कॅमशाफ्टच्या टोकाला आहे, म्हणून दोन-तीन वेळा दाबल्यावर ब्रेकचा पेडल दगडासारखा होतो आणि स्टिअरिंगही जड होतं. वर्धा रोडवर चाळीसच्या स्पीडला हे झालं तर गाडी कडेला घेता येईल. समृद्धी महामार्गावर 110ला, मागून ट्रक येत असताना, मला त्याचा विचारही नको वाटतो. शिर्डी नागपूरहून सव्वापाचशे किलोमीटर आहे. रामनवमीला जायचं तर बेल्ट आधी, दर्शन नंतर.

"आवाज आला की बदलू" हेही चालणार नाही. बहुतेक वेळा आवाज येतच नाही. टेन्शनरचं किंवा वॉटर पंपाचं बेअरिंग गेलं तर घरघर ऐकू येते, तेवढंच. वरचं प्लास्टिकचं कव्हर उघडून बेल्ट बघता येतो, पण दिसतो वीतभर, आणि हल्लीच्या रबराला जुनं झालं तरी भेगा पडतीलच असं नाही. बघून एवढंच कळतं की बेल्ट खराब आहे का. चांगला आहे, हे बघून कळत नाही. तेलाचा डाग दिसला तर सील गळतंय आणि तेलाने रबर फुगतं. मग एक दिवसही थांबायचं नाही.

काम सांगताना ‘बेल्ट बदला’ म्हणू नका, ‘पूर्ण किट’ म्हणा: टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप. वॉटर पंप याच बेल्टने फिरतो. तो आज गळत नसेल, पण वर्षभराने गळला तर तेवढ्यासाठी हीच सगळी खोलाखोल पुन्हा आणि मजुरीही पुन्हा. क्रँक पुलीचा बोल्ट नवीन लावायला सांगा. आणि बाहेरचा तो 2021चा पट्टाही, त्याच्या टेन्शनरसकट. इथे काटकसर नको. या इंजिनाची एक खोड आहे: बाहेरच्या पट्ट्याचे दोरे सुटले की ते क्रँक पुलीच्या मागून टायमिंगच्या कव्हरात शिरतात आणि नव्याकोऱ्या बेल्टलाही दात्यांवरून उतरवतात.

रेनोने 2020 मध्ये भारतात डिझेल गाड्या बंद केल्या, म्हणून "पार्ट मिळत नाही" असं कोणी म्हणालं तर ऐकून परत येऊ नका. हेच इंजिन निसानच्या टेरानो, सनी, मायक्रा आणि महिंद्राच्या व्हेरिटोलाही होतं. इंजिन नंबर देऊन पार्ट जुळवायला सांगा. गेट्स, कॉन्टिटेक, आयएनए, एसकेएफ यांपैकी कोणतंही किट चालेल, पण खोका सीलबंद हवा आणि तुमच्यासमोर उघडायला हवा. खोक्यातून काढलेला बेल्ट कुणी दुमडला किंवा पिळला तर तो घेऊ नका. आतल्या दोऱ्या मोडतात आणि वरून काही दिसत नाही.

मेकॅनिकला एकच प्रश्न विचारा: "लॉकिंग पिना आहेत का?" या इंजिनाला कॅमसाठी एक आणि क्रँकसाठी एक पिन लागते. जुन्या बेल्टवर व्हाइटनरने खुणा करून नवीन चढवणारे पुष्कळ आहेत. एक दाता इकडचा तिकडे झाला तरी त्यांना गाडी सुरू करून बघेपर्यंत कळत नाही, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. पिना नसतील तर चहा पिऊन निघून या. असतील तरी पिनांच्या आधारावर क्रँकचा बोल्ट सोडवू देऊ नका, त्या मोडतात. त्या फक्त जागा दाखवायला असतात, जोर धरायला नाही.

ड्रायव्हरच्या बाजूचं पुढचं चाक निघेल, आतलं प्लास्टिक निघेल, इंजिनाला खालून जॅक लागेल आणि त्या बाजूचं इंजिन धरून ठेवणारं फाउंडेशन सुटेल. हे सगळं बघून घाबरू नका, तसंच करावं लागतं. जॅक आणि ऑइल चेंबरच्या मध्ये लाकडाची फळी हवी, एवढं बघा. टेन्शनर थंड इंजिनावरच सेट होतो, म्हणून गाडी आदल्या संध्याकाळी नेऊन ठेवा. बेल्ट चढला की इंजिन पान्याने हाताने, नेहमीच्या फिरायच्या दिशेनेच, दोन पूर्ण फेरे फिरवायचं. मग पिना पुन्हा आपापल्या भोकांत सहज बसल्या पाहिजेत आणि टेन्शनरचा काटा खुणेवर हवा. नाही बसल्या तर बेल्ट उतरवून पुन्हा. सेल्फ मारणं त्यानंतर. या दहा मिनिटांना तुम्ही तिथे उभे राहा, बाकी वेळ घरी आलात तरी चालेल.

कूलंट रेनोच्या टाइप डी प्रतीचं, अर्धं कूलंट आणि अर्धं डिस्टिल्ड वॉटर. पेंचचं पाणी कितीही गोड असलं तरी नळाचं नको, क्षार बसतात. भरल्यावर हवा काढायला सांगा.

आई, बाबा हे वाचून "बघू" म्हणतील, म्हणून एक काम तुझ्याकडे. लेखी इस्टिमेट माग आणि त्यात पार्ट, कूलंट, मजुरी वेगवेगळी लिहिली आहे का ते बघून मला फोटो पाठव. पैसे मी भरणार आहे, त्यावर चर्चा नको. काम होईपर्यंत गाडी सीताबर्डीपलीकडे नेऊ नका, आणि बॅटरी उतरली तर कॉलनीतल्या मुलांना धक्का मारायला बोलावू नका. गिअरमध्ये धक्क्याने इंजिन फिरतं तेव्हा झटका सगळा त्या जुन्या दात्यांवर बसतो. जोशीकाकांच्या बॅटरीवरून केबल लावा.

बदलल्याची तारीख आणि किलोमीटर कागदावर लिहून बॉनेटच्या आत चिकटवा. जुना बेल्ट आणि टेन्शनर मागून घेऊन डिकीत ठेवा. मी होळीला येतेय, तेव्हा बघते.

तुमची,
लेक